वन्स मोअर म्हणजे आपण नेमकं काय मागतो?

शहरातल्या एका रंगमंदिरात मध्यंतरी 'सौभद्र'चा प्रयोग होता. भाचीला घेऊन गेलो होतो. ती इंजिनिअरिंगला आहे, आणि संगीत नाटकाशी तिचा संबंध म्हणजे मोबाईलवर वीस-तीस सेकंदांचे तुकडे बघण्यापुरता. कृष्णानं रुक्मिणीला 'प्रिये पहा' म्हटलं. रात्र सरली, उषःकाल होतोय, असं ते पद. गाणारा तयारीचा होता. पद संपलं आणि मागच्या रांगांतून आवाज उठला, "वन्स मोअर!" कृष्णानं पेटीवाल्याकडं बघितलं, पेटीवाल्यानं मान डोलावली आणि पहाट पुन्हा सुरू झाली.

भाची माझ्या कानाशी आली. "मामा, उजाडलंय म्हणून सांगून झालं की. परत का सांगूलालेत ओ?"

पस्तीस वर्षं नाटकांवर लिहितोय, पण हिला तीन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता प्रयत्न केला, तोवर तिसरी घंटा झाली. 'मानापमान'वर २०२५ च्या जानेवारीत सिनेमा आला तेव्हाही घरात असलेच प्रश्न निघाले होते. भांडता भांडता गातात काय, रडता रडता ताना कशा मारतात, आणि एकदा गायल्यावर पुन्हा कशाला? म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी पद आणि चाल

नाटकातल्या गाण्याला पद म्हणतात. साधं गाणं स्वतःच्या पायावर उभं असतं. पदाला मागचं वाक्य लागतं आणि पुढचंही. ते कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि का, हे काढून टाकलं तर उरते ती बंदिश.

चाल म्हणजे पदाची सुरावट. जुन्या नाटकांची छापील पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढं दुसऱ्याच एखाद्या गाण्याची पहिली ओळ दिलेली दिसते. म्हणजे हे पद त्या गाण्यासारखं म्हणा. आज सिनेमाच्या गाण्यावर गणपतीची आरती बसवतात, तसंच. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

आता आपल्या मातीतली गोष्ट. 'सौभद्र' लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, गाव गुर्लहोसूर. सौंदत्ती तालुक्यात, मलप्रभेच्या काठी. (नांगर आणि पंप करणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे. एका खेड्यानं एवढं दिल्यावर आणखी काय मागायचं?) घरात मराठी, गावात कन्नड, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाच्या कानात दोन्हीकडचं संगीत असणारच. साकी, दिंडी, लावणी या गाण्याच्या प्रचलित प्रकारांच्या जोडीला त्यांनी कर्नाटकी चाली वापरल्या. मराठी नाट्यसंगीताच्या पायात कन्नड चाल आहे, हे आमच्या सीमाभागात सांगितलं की दोन्हीकडची माणसं जरा चुळबुळतात. मला सांगायला आवडतं.

मागं जावं तर हेच दिसतं. उत्तर कन्नड भागातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले, ते बघून संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना असलं काही मराठीत करा म्हटलं, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. उलट दिशेनं बघा. मराठी कंपन्या कन्नड मुलखात येऊन गर्दी खेचतात हे बघून गदगला शांतकवी या कन्नड लेखकाला राहवेना. १८७० च्या दशकात त्यांनी कन्नड नाटक मंडळी उभी केली. म्हणजे दोघांनी एकमेकांचं बघूनच केलं.

भाव्यांच्या नाटकात गायचा सूत्रधार. पात्रं त्याचं गाणं झालं की आपापलं बोलायची. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' आणलं तेव्हा पात्रं स्वतः गायला लागली. शकुंतलेचं दुःख आता शकुंतलेच्याच गळ्यातून येऊ लागलं. वन्स मोअरची भानगड इथंच सुरू होते. सूत्रधाराला पुन्हा गा म्हटलं तर गोष्टीला धक्का लागत नाही, तो गोष्टीच्या बाहेरच उभा असतो. शकुंतलेला पुन्हा गा म्हटलं तर तिला पुन्हा रडावं लागतं.

रडणारी बाई गाते कशी?

हा आक्षेप जुना आहे आणि वरवर बघता बरोबरही आहे. खऱ्या आयुष्यात कुणी गात नाही.

पण क्रिकेट बघता ना? फलंदाजाची दांडी उडायला अर्धा सेकंदही लागत नाही. मग तोच चेंडू हळू करून दाखवतात. दांडी कशी उडाली, फलंदाजाचा चेहरा कसा पडला. तेव्हा कुणी म्हणत नाही की चेंडू एवढा हळू कुठं जातो. पद म्हणजे हेच. बाईच्या मनात जे पापणी लवण्याच्या आत होऊन गेलं, ते आठ मिनिटं ताणून दाखवलेलं. घड्याळ थांबलेलं असतं आणि मन चालत असतं. सिनेमावाला कॅमेरा चेहऱ्याजवळ नेतो. नाटकवाल्याकडं कॅमेरा नव्हता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळ्यातलं पाणी दिसत नव्हतं. गळा मात्र तिथवर पोचत होता.

आता वन्स मोअर सोपा होतो. पद जर हळू केलेला चेंडू असेल, तर वन्स मोअर म्हणजे 'पुन्हा दाखवा'.

मग पुन्हा दाखवायला काय हरकत?

इथं सगळ्या पदांना एकाच मापानं मोजून चालत नाही. मी माझ्या सोयीसाठी दोन ढीग करतो. थांबलेली पदं आणि चालती पदं. हे शब्द कुठल्या शास्त्रातले नाहीत, माझ्या वहीतले आहेत.

थांबलेल्या पदात गोष्ट पुढं जात नाही. कुणी कुणाची स्तुती करतं, चंद्राकडं बघतं, रुसतं, समजूत काढतं. 'सौभद्र'मध्येच कृष्ण रुक्मिणीला म्हणतो, 'नच सुंदरि करू कोपा'. रागावू नकोस. यावर तीन वन्स मोअर आले तरी काही बिघडत नाही. बायकोची समजूत एका दमात निघते असं ज्याला वाटतं त्याचं लग्न व्हायचंय. तसंच 'मानापमान'मधलं 'नाही मी बोलत'. बोलत नाही, बोलत नाही, असं जी पुन्हा पुन्हा गाऊन सांगते तिला किती बोलायचंय हे प्रत्येक वन्स मोअरला जास्तच कळतं.

चालत्या पदात निर्णय असतो. 'एकच प्याला'त सिंधूला माहेरची माणसं न्यायला येतात, आणि ती 'कशि या त्यजू पदाला' म्हणते. दारुड्या नवऱ्याचं घर सोडून येणार नाही. आजच्या वाचकाला तो निर्णय पटणार नाही, मलाही पटत नाही, पण त्या नाटकाचा कणा तिथं आहे. पद संपल्यावर जी शांतता पडते तिच्यात माहेरच्या माणसांची हार असते. तिथं कुणी वन्स मोअर ओरडला आणि सिंधूनं तो दिला, की ती माणसं पिशवी घेऊन पुन्हा उभी. निर्णय झालाय की व्हायचाय? रंगमंचावर आता सिंधू नाही, बैठकीत बसलेली गायिका आहे.

माझी कसोटी एवढीच. वन्स मोअर देऊन झाल्यावर पुढचं वाक्य बोलता येतं का? समोरचं पात्र ते वाक्य जिवंतपणे बोलू शकलं तर वन्स मोअर पचला. ते वाक्य आठवण करून दिल्यासारखं आलं, 'हां, आपण कुठं होतो' अशा सुरात, तर तो महागात पडला.

खानापूर तालुक्यातला मेलेला माणूस

महागात म्हणजे किती, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खानापूर तालुक्यातल्या एका गावी जत्रेचं नाटक. देवळापुढं स्टेज, भाड्याचे पडदे, माणसं गोणपाटावर. गावातलीच पोरं, बायकांची कामं करायला बाहेरून आणलेल्या दोघी नट्या. दुसऱ्या अंकात नवरा तलवारीच्या वारानं पडतो आणि बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाते. बाई गायली मात्र अशी की चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. वन्स मोअर आला. ती गायली. दुसरा आला. एकजण वर चढला आणि तिच्या पदराला सेफ्टी पिननं पन्नासची नोट लावून खाली उतरला. माईकवर त्याचं नाव पुकारलं गेलं. आमच्याकडं कन्नड आणि मराठी दोन्ही गावांत ही पद्धत आहे. नोट लावली की वन्स मोअर नाही म्हणता येत नाही.

नवरा आता अर्धा तास मेलेला होता. दिव्यांवर आलेले किडे त्याच्या अंगावर. तिसऱ्या वेळी 'प्राणनाथा' येताना त्याचा उजवा हात हळूच सरकत पोटरीपर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि फाट्कन आवाज आला. मेलेल्या माणसानं डास मारला. सगळी जत्रा हसली. बाई गात राहिली, पण त्यानंतर त्या नाटकात कुणी मेलं तरी लोक खुदखुदत होते.

यातला मुद्दा विनोदाच्या पलीकडचा आहे. पहिला वन्स मोअर बाईनं कमावलेला होता. तिसरा नोटेनं घेतलेला. आणि, कबूल करून टाकतो, दुसरा ओरडणाऱ्यांत मीही होतो.

तिकीट आम्ही काढलंय की

हा आक्षेप मध्यंतरात हमखास येतो. पैसे दिलेत, आवडलंय, पुन्हा मागणार. बाजू खोटी नाही. नाटक हा समोरासमोरचा धंदा आहे, आणि दाद हीच नटाची भाकरी.

पण लग्नातला प्रसंग आठवा. अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात, आणि व्हिडिओवाला म्हणतो, "थांबा, परत घाला, फ्रेममध्ये आलं नाही." नवरानवरी हार काढतात, पुन्हा घालतात, हसतात. फोटो सुंदर येतो. पण लग्न लागलं ते पहिल्या हाराला. दुसरा हार व्हिडिओवाल्याचा. मंडपात व्हिडिओवाला एकटाच नसतो, मागं चारशे माणसं जेवणासाठी खोळंबलेली असतात. प्रेक्षागृहातही वन्स मोअर ओरडणारे दहा आणि गप्प बसलेले पाचशे. त्या पाचशेंनीही तिकीट काढलंय.

हिशेबही आहे. 'शाकुंतल'मध्ये पदं दोनशेच्या घरात होती. प्रत्येक आठ मिनिटांचं धरलं तर सव्वीस तासांहून जास्त होतात. अर्थात तेव्हा पद म्हणजे चार ओळी म्हणून पुढं जायचं, ताना मारत बसायचं नाही. गाणाऱ्याला रागविस्ताराची चटक लागली तशी पदांची संख्या उतरली आणि लांबी वाढली. १९११ च्या 'मानापमान'पर्यंत पदं पन्नासच्या आसपास आली. तिथं गोविंदराव टेंब्यांच्या चाली इतक्या गोड की लोक नाटकाला नाही, पदांना यायला लागले. आज रंगमंदिर ठराविक तासांच्या भाड्यानं मिळतं. गावात उघड्यावर नाटक असेल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, खास परवानगीच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. आठ मिनिटांच्या पदाला पाच वन्स मोअर दिले की चाळीस मिनिटं गेली. ती कुठून निघतात? शेवटच्या अंकातून. गेल्या वीस वर्षांत शेवटचा अंक धावत उरकलेली जितकी संगीत नाटकं बघितली, त्यांतल्या निम्म्यांत तरी दोष लेखकाचा नव्हता.

बालगंधर्वांना कुणी विचारलं नाही

बरोबर. स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या या गायक नटाला 'वन्स मोअर कशाला' असं कुणी विचारलं नाही. त्यांचं रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि त्यातला मोठा वाटा वन्स मोअरचा. म्हणजे 'उषःकाल हा' बाहेरही खराच होत असेल.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, त्या काळच्या प्रेक्षकाला गोष्ट तोंडपाठ होती. 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणीला कृष्ण मिळतो की नाही, या धाकधुकीनं १९१६ मध्येही कुणी तिकीट काढलं नव्हतं. पुढं काय होतं यापेक्षा कसं होतं, यासाठी लोक यायचे. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाचा कान तसाच असतो. दोन, ज्यांनी ऐकलं ते सांगत आले की बालगंधर्वांचं दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्याची नक्कल नसे. भास्करबुवा बखल्यांची चाल, तबल्याला अहमदजान थिरकवा. प्रत्येक फेरीत शब्दाला नवा रंग. म्हणजे 'पुन्हा दाखवा' म्हटल्यावर तोच चेंडू नव्हता, दुसऱ्या बाजूनं दिसणारा चेंडू होता.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. पदांभोवती वाढलेला डौल, महागडे पोशाख, कंपनीचं कर्ज हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग बोलपट आले. १९३५ च्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले, पण सिनेमात रमले नाहीत. कॅमेऱ्यापुढं दाद देणारं कुणी नसतं. तिथंही 'पुन्हा' म्हणतात, पण ते दिग्दर्शक म्हणतो, आणि चुकलं म्हणून म्हणतो.

परदेशात काय करतात?

आपल्याला वाटतं वन्स मोअर ही इंग्रजांची देणगी. शब्द इंग्रजी आहेत खरे, पण इंग्रज स्वतः असं ओरडत नाही. तो फ्रेंच शब्द ओरडतो, 'आँकोर'. आणि फ्रेंच माणूस तोही वापरत नाही, तो 'बिस' म्हणतो, जो लॅटिन. आपण मात्र इंग्रजी शब्द घेऊन त्याला पेटी-तबल्यावर बसवलं. इटलीत मिलानच्या ला स्काला ऑपेराघरात हाच वाद झाला. आर्तुरो तोस्कानिनी नावाच्या खमक्या संगीतसंचालकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वन्स मोअरविरुद्ध कंबर कसली होती. गोष्ट तुटते, हेच त्याचं म्हणणं.

आपल्याकडं असा बंदी हुकूम कुणी काढला नाही. इलाज झाला तो चालींतून. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून पदं आटोपशीर केली. पद असं संपतं की टाळी पडायच्या आत पुढचं वाक्य येतं. प्रेक्षकाला गप्प बसा म्हणायची वेळच येऊ दिली नाही. मला विचाराल तर मराठी रंगभूमीवरची ही फार हुशार सुधारणा.

मोबाईलवर मागं नेऊन ऐकतोच की आम्ही

भाचीचा हा शेवटचा बाण. रील संपली की आपोआप पुन्हा सुरू होते. कुणी ओरडावंही लागत नाही.

पण रील दहाव्या वेळी तीच असते. गळ्यातली हरकत, श्वास, सगळं तेच. बदलतो तो ऐकणारा, कंटाळतो. रंगमंचावर दुसऱ्यांदा गाणारा माणूस दमलेला असतो, सुखावलेला असतो, घसा गरम झालेला असतो. तो तेच पद म्हणूच शकत नाही. आपण वन्स मोअर म्हणतो तेव्हा तेच पुन्हा मागतोय असं आपल्याला वाटतं, मिळतं ते वेगळं.

आणि पद नाटकाबाहेर काढून ऐकायचंच नाही का? ऐकावं की. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या गायक कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला, त्यात पदं होती, नाटक नव्हतं. कुमारांच्या नावाचं रंगमंदिर बेळगावात उभं आहे. पण ती बैठक होती, समोर रुसून बसलेली रुक्मिणी नव्हती. बैठकीत वन्स मोअरनं कुणी खोळंबत नाही.

मग परीक्षण लिहिणाऱ्यानं ओरडायचं की नाही?

पूर्वी मी परीक्षणात 'पाच वन्स मोअर मिळाले' असं कौतुकानं लिहायचो. एका मंडळीनं ते वाक्य कापून जाहिरातीत छापलं आणि त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकाबद्दल लिहिलेले दोन परिच्छेद सोडून दिले. तेव्हापासून आकडा लिहायचं बंद केलं. वन्स मोअर कुठल्या पदाला आला आणि त्या वेळी न गाणारं पात्र काय करत होतं, ते लिहितो. गाणाऱ्याकडं सगळेच बघतात. दुसऱ्याची खरी परीक्षा असते. त्याला काही बोलायचं नाही, जायचं नाही, आणि ऐकलेलं पुन्हा पहिल्यांदा ऐकायचंय.

हे भाचीला सांगितलं, तेव्हा तिनं "बरं" म्हटलं. तिचं 'बरं' म्हणजे पटलं असं नव्हे.

पंधरा दिवसांनी तोच प्रयोग निपाणीला होता. तीच म्हणाली, "जाऊया की मामा, खरं पुढची रांग घ्या." (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.) 'प्रिये पहा' झालं, वन्स मोअर आला, कृष्णानं पेटीवाल्याकडं बघितलं. मी सवयीनं गळ्याकडं कान लावला. पहिल्या वेळी कृष्णाचा हात गेला तिकडं रुक्मिणीनं बघितलं होतं, पहाट शोधत. या वेळी तिनं तिकडं बघितलंच नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि समेवर येताना पदर तोंडाशी नेऊन बारीकशी जांभई दिली.

भाचीनं मला कोपर मारलं. "बघा मामा, आता तिला खरंच उजाडलंय."